बाळ दूध टाकते, दोष कोणाचा?

घरात मूल जन्मले म्हणजे आनंद होतो. पण तो आनंद अंगवळणी पडण्यापूर्वीच पुष्कळ घरांत एका चिंतेचा शिरकाव होतो. बाळ दूध पिते आणि घटकाभरात गुळणी टाकते. आईचा पदर, दुपटे, अंथरूण, सारे आंबूस वासाने भरून जाते. कधी नाकावाटेही दूध येते; कधी पिता पिता बाळ अंग ताठ करून रडते व मान फिरवते. असे चार-सहा दिवस झाले की घरातील वडीलधारी मंडळी, शेजारीपाजारी व आलेगेले पाहुणे या सर्वांच्या तोंडी एक प्रश्न येतो: असे का होते? ह्या प्रश्नात वावगे काहीच नाही. परंतु आमच्या पाहण्यात असे आले आहे की, तो फार वेळ ह्या रूपात टिकत नाही. थोड्याच अवकाशात त्याचे रूप पालटून ‘हे कोणामुळे झाले?’ असे होते. आणि ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ठरलेले असते. ते उत्तर म्हणजे बाळाची आई.

तिने बाळंतपणात वांगे खाल्ले. तिने ताक प्याले. ती ओल्या केसांनी दारात बसली. तिचे दूध जड आहे, नाहीतर पातळ आहे. तिला मूल धड घेता येत नाही. तिने बाळास उघडे अंगणात आणले म्हणून दृष्ट लागली. एकाच सुनेविषयी ही सर्व कारणे एकाच दुपारी सांगितली जातात, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत याची कोणास अडचण वाटत नाही. सबब आज आम्ही वाचकांपुढे जो प्रश्न ठेवू इच्छितो तो असा: ज्या दुःखास कोणीही अपराधी नाही, अशा दुःखात आपण अपराधी का शोधतो, आणि त्या शोधाची किंमत कोण भरतो?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अन्ननलिका जेथे जठरास मिळते तेथे स्नायूंचे एक वळे असते. ते घास खाली जाऊ देते व एरव्ही आवळून राहते. तान्ह्या मुलाच्या ठायी हे वळे मधूनमधून क्षणभर सैल पडते. त्यात बाळाची अन्ननलिका आखूड, जठर लहान, आहार सगळा पातळ, आणि दिवसाचा बहुतेक काळ आडवे राहण्यात जातो. मग पोटातील दूध वर न आले तरच नवल. डॉक्टर लोक यास रिफ्लक्स म्हणतात. बाळास दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १५० मिलिलिटर दूध लागते. त्याच मानाने साठ किलो वजनाच्या शेतकऱ्याने दूध प्यावयाचे म्हटले, तर ते दिवसाला ९ लिटर होईल. एवढे दूध पिऊन जो गडी दिवसभर उताणा पडून राहील, त्याने गुळणी टाकली तर त्याच्या आईस कोणी बोल लावील काय?

ही गोष्ट केवळ आपल्या गावची नव्हे. अमेरिकेत शिकागोच्या परिसरात ९४८ निरोगी मुलांच्या आईबापांस विचारून केलेली एक पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. तीत पहिल्या तीन महिन्यांतील निम्मी मुले दिवसातून निदान एकदा दूध टाकीत असल्याचे दिसले. चौथ्या महिन्यात हे प्रमाण शंभरात ६७ पर्यंत चढले, आणि दहा ते बारा महिन्यांच्या मुलांत ते शंभरात ५ वर उतरले. इंग्लंडातील ‘नाइस’ नामक संस्थेने २०१५ साली डॉक्टरांकरिता जी सूचनापत्रिका काढली, तिच्यातही हेच आढळते. हा प्रकार बहुधा आठ आठवड्यांच्या आत सुरू होतो आणि दहांतील नऊ मुलांत वर्ष भरण्यापूर्वी आपोआप थांबतो, असे ती सांगते. शिकागोच्या आयांचे खाणेपिणे व चालीरीती आपल्याहून अगदी निराळ्या. तरी त्यांची मुले दूध टाकतात ती आपल्या मुलांप्रमाणेच. तेव्हा वांगे, ताक व वारा यांच्यावरील आरोप येथेच बराचसा लंगडा पडतो. बाहेर आलेले दूध फार दिसते म्हणून ज्यांस भीती वाटते, त्यांनी एक चमचा पाणी धुतलेल्या फडक्यावर ओतून पाहावे. डाग केवढा पसरतो हे पाहिले म्हणजे अर्धे भय तेथेच जाईल.

मग अपराधी शोधण्याची ही ओढ येते कोठून? आमच्या मते तिचे मूळ दुष्टपणात नाही, भयात आहे. जे दुःख कोणामुळेही झालेले नाही ते कोणाला सांगून थांबवता येत नाही, आणि हा विचार मनुष्यास सोसवत नाही. अपराधी सापडला की उपाय सापडल्यासारखे वाटते: वांगे बंद करा, सुनेस दटावा, मीठमोहऱ्या उतरून टाका. मनाला हाताशी काहीतरी हवे असते. आणि बोट दाखवावयाचे झाले म्हणजे ते सहसा घरात जिचा आवाज सर्वांत लहान, तिच्याकडेच वळते.

ही खोड खेड्यातील अडाणी माणसांचीच आहे, असे म्हणून शिकलेल्यांनी मान वर करू नये. न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रूबी किंग यांनी १९०७ साली तेथे माता व बालके यांच्यासाठी एक मोठी संस्था उभारली व पुष्कळ चांगले कामही केले. परंतु घड्याळाकडे पाहून चार-चार तासांनी पाजावे, रात्री पाजू नये, फार कुरवाळू नये, हाही त्यांच्या शिकवणीचा भाग होता. त्या काळच्या कितीएक आया मूल रडत असता घड्याळाच्या काट्याकडे पाहत बसल्या, आणि काटा पुढे सरकण्यापूर्वी पदर सोडला तर आपण मुलास बिघडवले असे समजून झुरल्या. पुढे शास्त्राने तो नियम टाकून दिला. आज डॉक्टर सांगतात की बाळाची भूक पाहून पाजावे. म्हणजे आरोप विद्वानांच्या तोंडून आला म्हणून तो खरा ठरत नाही.

याहून कठोर उदाहरण फाटलेल्या ओठाचे व टाळूचे आहे. ज्या बाळाची टाळू दुभंगलेली असते त्यास दूध ओढता येत नाही. ओढलेले नाकावाटे परत येते, व वेळीच सोय न केल्यास मूल वाळत जाते. आपल्या प्रांतात अशा मुलाच्या आईस पहिला प्रश्न विचारतात तो हा की, ग्रहणात तू काही चिरलेस काय? गरोदर बाईने ग्रहणात विळी हाती धरली म्हणून पोटातल्या मुलाचा ओठ चिरला गेला, ही समजूत किती घरांत किती अश्रूंस कारण झाली असेल! वास्तविक ओठ व टाळू यांची घडण गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते, आणि तीत राहिलेल्या उणिवेचा चंद्रसूर्याशी किंवा विळीशी काही संबंध नाही. अशा मुलास वाटी-चमच्याने दूध पाजता येते व शस्त्रक्रियेने ओठ व टाळू दोन्ही जुळवता येतात. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. परंतु जी आई मुलाचे तोंड पदराखाली लपवून बसली आहे, तिला हे सांगणार कोण, आणि सांगणाऱ्यापुढे ती पदर बाजूला करणार कशी?

येथे आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. आईस दोष देणे हे अन्यायाचे आहे एवढेच म्हणून भागत नाही. ते बाळाच्या जिवावर बेतणारे आहे. डॉक्टर अभय बंग व राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील खेड्यांत गावच्याच स्त्रियांस नवजात बालकांची पारख व शुश्रूषा शिकविली, आणि त्या कार्याचा वृत्तान्त १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रात आला. त्या गावांतील नवजातांचे मृत्यू शंभरात ६२ इतके घटले होते. तेथील स्त्रियांस जंतुदोषाची जी लक्षणे ओळखावयास शिकविली त्यांत ही होती: आधी नीट रडणारे बाळ क्षीण रडू लागणे अथवा रडेनासे होणे, आणि आधी नीट ओढणारे बाळ कमी ओढू लागणे किंवा ओढणे सोडणे. वाचकांनी ह्या लक्षणांकडे लक्षपूर्वक पाहावे. काल व आज यांतला हा फरक कोणास कळणार? जिने काल पाजले व आज पाजीत आहे तिलाच. ह्या प्रकरणात आई ही एकुलती एक प्रत्यक्ष साक्षीदार आहे. आणि आपण त्या साक्षीदारासच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो! आरोपी मनुष्य खरे बोलण्यास कचरतो. बाळ आज ओढत नाही असे म्हटले तर ‘तूच काही केले असशील’ हे ऐकावे लागेल, म्हणून ती सकाळी गप्प बसते, दुपारी गप्प बसते. आणि सायंकाळी तोंड उघडते तेव्हा उशीर झालेला असतो.

दुसरी हानी उतावीळ उपायांची. आईच्या दुधात दोष आहे असे एकदा ठरले, की वरचे दूध आलेच. डब्याच्या दुधाचा धंदा ह्याच भयावर पोसतो हे ओळखून आपल्या देशात १९९२ साली त्याच्या जाहिरातीस बंदी करणारा कायदा झाला. परंतु घरातील माणसांच्या जिभेस कायदा काय करणार? तीच गोष्ट बाळगुटीची, मधाच्या बोटाची व पोटदुखीच्या गोड पाण्याची. पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज पाणीही लागत नाही, आणि वर्षाच्या आतल्या मुलास मध चाटविल्याने एक प्रकारची विषबाधा होऊन स्नायू लुळे पडण्याचे भय असते. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळास तापलेल्या विळ्याने चटके देतात. २०२५ च्या फेब्रुवारीत तेथील बावीस दिवसांच्या एका बाळाच्या पोटावर असे ६५ चटके दिल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली. ज्यांनी हे केले त्यांस त्या बाळाचा द्वेष होता काय? मुळीच नाही. काहीतरी केलेच पाहिजे ह्या तळमळीपोटी त्यांनी ते केले. बाळास नीट पाहण्यापूर्वी जी तळमळ हात उचलते, तिने काय होते हे त्या कोवळ्या कातडीवर उमटले.

शहरातील शहाणे लोक विळा तापवीत नाहीत. ते औषधाची बाटली आणतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात, पिताना वा पिऊन झाल्यावर फार रडणाऱ्या १६२ तान्ह्या मुलांपैकी ८१ मुलांस आम्ल कमी करणारे लॅन्सोप्राझोल नावाचे औषध दिले, व ८१ मुलांस तसेच दिसणारे पण औषध नसलेले द्रव्य दिले. महिनाभराने पहिल्या गटातील ४४ मुलांस आराम पडला होता, आणि दुसऱ्या गटातीलही ४४ मुलांसच. मात्र छातीच्या विकारासारखे गंभीर त्रास औषध घेतलेल्यांत अधिक झाले. डोंपेरिडोन नामक ओकारीवरील औषधाविषयी युरोपातील नियामक संस्थेने २०१४ साली, ते हृदयाच्या ठोक्यांत बिघाड करू शकते म्हणून, त्याचा वापर आवळला. औषध कधीच लागत नाही असे आम्ही म्हणत नाही. ज्या मुलाच्या अन्ननलिकेस आम्लाने खरोखर इजा झाली आहे त्यास डॉक्टर ते विचारपूर्वक देतात. परंतु घरच्या धास्तीस औषध म्हणून ते बाळाच्या घशात ओतू नये.

आता कोणी म्हणेल: “दोष कोणाचाच नाही म्हणता, तर मग आम्ही हात जोडून बसावे काय? आणि आईच्या हातून खरीच चूक होत असली तर?” हे दोन्ही आक्षेप रास्त आहेत, आणि त्यांचे उत्तर दिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

दोष आणि जबाबदारी हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, व येथेच घोटाळा होतो. दोष मागे पाहतो; जे घडून गेले त्याचा हिशेब मागतो. जबाबदारी पुढे पाहते. आता काय करावयाचे ते विचारते. दोष एकाच्या माथी मारता येतो व बाकीचे मोकळे होतात. जबाबदारी वाटून घेता येते, किंबहुना वाटून घेतल्यावाचून ती पार पडत नाही. ज्या घरात दोष कोणाचाच नाही असे ठरते, त्या घरात जबाबदारी कमी होत नाही; ती सर्वांवर येते. आईच्या हातून चूक होत असेल, म्हणजे बाटली नीट उकळली जात नसेल, बाळाने तोंड फिरवल्यावरही ते बळेच पाजले जात असेल, तर तिला दाखवावे. परंतु दाखविणे व दटावणे ही दोन निराळी कामे आहेत. दटावलेला मनुष्य चूक लपविण्यास शिकतो.

मग करावयाचे काय? बाळ गुळणी टाकते पण हसते-खेळते आहे, अंगाने भरत आहे, दिवसाला सहा-सात लंगोट ओले करते, तर त्यास मोठ्या औषधाची गरज नाही. थोडे थोडे पण वारंवार पाजावे. पाजताना बाळाचे डोके पोटाहून उंच असावे. पाजून झाल्यावर वीस-तीस मिनिटे खांद्यावर उभे धरून ढेकर काढावी. पोट भरले असता पालथे घालणे, हलवणे, तेल चोळणे टाळावे. निजवताना मात्र उताणेच निजवावे व डोक्याखाली उशी देऊ नये. पालथे निजविल्याने झोपेतच अकस्मात मृत्यू येण्याचा धोका वाढतो. कमी दिवसांच्या बाळास ओढण्याची शक्ती नसेल तर आईने दूध पिळून वाटी-चमच्याने पाजावे. आपल्या आज्या बोंडल्याने पाजीत, त्याचीच ही स्वच्छ करण्यास सोपी अशी रीत होय. आईने सर्व अन्न खावे. क्वचित एखाद्या मुलास गाईच्या दुधातील एक घटक बाधतो. त्याच्या शौचात रक्त दिसते, अंगावर चट्टे उठतात. तेव्हा डॉक्टर आईस काही आठवडे दूधदुभते सोडावयास सांगतात. पण हे डॉक्टरने ठरवावे, शेजारणीने नव्हे.

आणि पुढील लक्षणे दिसली तर एक रात्रही थांबू नये: उलटी हिरवी असणे अथवा तीत रक्त असणे, पोट फुगून कडक होणे, बाळ मरगळणे, तापणे किंवा गार पडणे, ओढणे सोडणे, श्वास लागणे, लंगोट कोरडे राहणे. वजन वाढत नसेल किंवा सहा महिन्यांनंतर ओकणे नव्याने सुरू झाले असेल, तरीही डॉक्टरांस दाखवावे. दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाची उलटी दर वेळी पिचकारीसारखी लांब उडत असेल, तर जठराच्या खालचे तोंड आवळले गेले असण्याचा संभव असतो. पूर्वी अशी मुले बहुधा दगावत. रामस्टेट नामक जर्मन शल्यवैद्याने त्यावरील शस्त्रक्रिया १९१२ साली प्रसिद्ध केली, आणि वेळीच नेलेले मूल आज सहसा बरे होऊन घरी येते. अशा मुलाच्या बाबतीत ‘होईल आपोआप बरे’ म्हणून बसणे हा धीर नसून हयगय होय. खरा धीर डोळे उघडे ठेवून वाट पाहतो.

तेव्हा वाट पाहण्याचे हे कष्ट कोणी उपसावयाचे, एवढाच प्रश्न उरतो. वीस-तीस मिनिटे बाळास खांद्यावर धरणे, दिवसातून आठ-दहा वेळा, असे चार-पाच महिने. हा हिशेब एका बाळंतिणीच्या अंगावर टाकून पाहा. रात्री दोन वाजता ढेकर काढण्यास बापाचा खांदा कमी पडतो काय? सासूबाईंच्या हातास जी सवय आहे ती कोणत्याही पुस्तकात मिळावयाची नाही. त्या हाताने बाळ घेतले व सूनबाईस “तू जरा पड, मी धरते” असे म्हटले, तर ह्या एका वाक्याने जे साधेल ते दहा पथ्यांनी साधणार नाही. गावात आशाताई येतात. नियमाप्रमाणे त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी येऊन बाळास पाहतात. त्या येतील तेव्हा घरातील इतरांनी उत्तरे देण्याची घाई न करता आईस बोलू द्यावे.

भेटीस जाणाऱ्यांसही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखाच्या वेळी आले व सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते त्याचे मित्र होते. पुढे त्यांनी तोंड उघडून त्याच्या दुःखाचे कारण त्याच्यातच शोधण्यास आरंभ केला, आणि ते सांत्वन करणारे न राहता त्याच्या ओझ्यात भर घालणारे झाले. बाळंतिणीच्या खोलीत आपण किती वेळा त्यांच्या जागी बसतो, याचा ज्याने त्याने विचार करावा.

वाचकहो, हा विषय पाळण्याएवढा लहान दिसतो. परंतु ज्या मनाला येथे अपराध्यावाचून करमत नाही, ते मन दुष्काळात, आजारात, कर्जात व भावाभावांच्या वाटणीतही अपराधीच शोधीत फिरते. उलट ज्या घराने एका दूध टाकणाऱ्या बाळापाशी धीर, लक्ष व वाटून घेतलेली मेहनत शिकून घेतली, ते घर पुढच्या मोठ्या दुःखास अधिक लायक झाले असे समजावे. यास्तव यापुढे एखाद्या बाळंतिणीच्या घरी जाल आणि बाळाने तुमच्यादेखत गुळणी टाकली, तर “काय खाल्लेस ग?” असे विचारू नका. फडके पुढे करा, बाळ थोडा वेळ आपल्या खांद्यावर घ्या, आणि तिला विचारा की, काल रात्री तुला झोप मिळाली काय?